पाचवी दाढ

४ मार्च

चिंगीचा गाल उतरायचं नाव नाही आणि तू फोनवर "थोडं दुखणारच" म्हणून मोकळा होतोस. आज दहा दिवस झाले. थोडं म्हणजे किती ते एकदा सांग, म्हणजे भिंतीवर रेघा मारत बसते. सकाळी तिची आई, म्हणजे तुझी आत्या, कारखान्यात शिलाईला जाते तेव्हा पोरीचा गाल लिंबाएवढा असतो आणि ती परत येते तेव्हा संत्र्याएवढा. आठ वर्षांची पोर, शाळेत जात नाही, पेज पिते आणि तीही एका बाजूने.

आता आशीर्वाद घे. तुझी तब्येत बरी असणारच, तुझी दाढ कोणी कोरलेली नाही.

फोन करू नकोस. तू तिकडून "ऐकू येत नाही, ऐकू येत नाही" म्हणतोस आणि बहिरी म्हणे मी. पत्र लिही. कागदावर खोटं लिहिताना माणसाचा हात जरा तरी अडतो.

मला एकच विचारायचं आहे. "आजी, चिंगीला माझ्याकडे घेऊन ये, दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, मी स्वतः करतो," हे तुझे शब्द. म्हणून मी दोन बस बदलून तिला तुझ्या दातांच्या कॉलेजात आणली. आत्याला सुट्टी नव्हती. तू दाढ उघडलीस तेव्हा तिचे पाय धरून मीच बसले होते. तिने मला दोन लाथा मारल्या, त्याचं काही नाही. पण दाढेतून रक्त आलं ते मी पाहिलं. ताजं, लालभडक. आणि बाहेर येऊन तू आत्याला फोनवर काय सांगितलंस? दाढ आतून मेलेली होती, म्हणून सगळं काढून टाकलं.

मी तीस वर्षं बाजारात कोंबड्या कापल्या. शाळा माझी चौथीपर्यंत, पण जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हे मला पुस्तक न उघडता कळतं. मेलेल्यातून असं रक्त येत नाही. मग मेलेलं होतं ते काय?

आजी


९ मार्च

आजी,

आधी नमस्कार, मग भांडण. तुझं पत्र हॉस्टेलवर सगळ्यांना वाचून दाखवावंसं वाटलं, पण नाही दाखवलं.

दात म्हणजे नुसतं हाड नाही. आत एक मऊ, जिवंत गाभा असतो. रक्त आणि नसा. लोक त्यालाच नस म्हणतात, आम्ही पल्प म्हणतो. वरून कीड लागते, खोल जाते आणि एक दिवस गाभ्यापर्यंत पोहोचते. मग तो सुजतो, सडतो. चिंगीचा तसाच झाला होता. तुला दिसलं ते रक्त सुजलेल्या गाभ्याचं होतं. तो जवळजवळ मेलेलाच होता. अशा वेळी आतलं सगळं काढायचं, मुळं साफ करायची, औषध भरून बंद करायचं. याला रूट कॅनल म्हणतात आणि जगात रोज लाखो माणसं ती करून घेतात. सूज कधी कधी राहते. गोळ्यांची चिठ्ठी सोबत आहे. पाच दिवस द्या.

रागावू नकोस, पण खरं ते लिहितो. वर्षभर आधी आणली असती तर छोटंसं सिमेंट भरून भागलं असतं. आत्याने खूपच उशीर केला. पोरीच्या तोंडात एवढं मोठं भोक आणि आईला दिसू नये?

आणि माझ्या हाताची काळजी करू नकोस. मागच्या महिन्यात आमच्या विभागप्रमुख सरांनी शेवटच्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. विषय नेमका हाच: दाताचा जिवंत गाभा वाचवणाऱ्या उपचारांबद्दल आम्हाला किती माहिती आहे. वीस प्रश्न होते. माझे अठरा बरोबर आले, वर्गात तिसरा. सर तो निकाल मोठ्या परिषदेत वाचणार आहेत. तुझ्या नातवाला यातलं कळतं, आजी.

चिंगीला पापा.

तुझा डॉक्टर


१३ मार्च

जवळजवळ मेलेली म्हणजे काय रे? जवळजवळ बाळंत झालेली बाई पाहिली आहेस कुठे?

अक्षर सुधार. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं आहे. दोनदा वाचावं लागलं. एकदा मी वाचलं आणि एकदा तुझ्या आत्याने, कारण पत्र मी पलंगावर ठेवून दूध बघायला गेले होते. "आईला दिसू नये?" हे तिने वाचलं. वाचून घडी घातली, जागेवर ठेवलं आणि भांडी घासायला बसली. भांडी मी घासून ठेवलेली होती. तीच पुन्हा घासत बसली.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. जावई दोन वर्षांपासून वेगळा राहतो. भांडण कशावरून, ते जाऊ दे. पण तो येतो तेव्हा दारातूनच आधी पोरीकडे बघतो: केस विंचरलेत का, नखं कापलीत का. काही कमी दिसलं की म्हणतो, "तुला जमत नसेल तर माझ्याकडे पाठव." तुझी आत्या त्या वाक्याला घाबरून जगते. चिंगीच्या वहीच्या कव्हराची एक घडी वाकडी गेली तरी काढून पुन्हा घालते. आणि तू तिकडे बसून लेखणीच्या एका फटक्यात उशिराचं खापर तिच्या डोक्यावर फोडलंस.

गोळ्या दिल्या. गाल उतरला, पण सूज गेली कुठे तर खाली. आता जबड्याखाली गाठ लागते. दगडासारखी घट्ट. तोंड नीट उघडत नाही.

तुझे ते वीस प्रश्न मला पाठव. उत्तरांसकट पाठव. "तुला कळणार नाही" असं लिहिलंस तर तुझ्या बापाला पत्र लिहीन, आणि त्याला माझं अक्षर चांगलं लागतं.

आजी


१८ मार्च

आजी,

जबड्याखाली गाठ असेल तर लगेच मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी. गोळ्यांवर थांबू नका. मी आलो असतो, पण परीक्षा तोंडावर आहे आणि इथून हलता येत नाही.

आत्याला वाईट वाटावं म्हणून मी लिहिलं नव्हतं. तिला सांग.

प्रश्न मागितलेस म्हणून पाठवतो. सगळे वीस उतरवण्यात अर्थ नाही, महत्त्वाचे तेवढे लिहितो.

सातवा: दात जिवंत आहे हे कसं तपासाल? उत्तर: दाताला बर्फासारखं गार लावायचं. रुग्णाला कळ आली आणि ती लगेच गेली तर गाभा जिवंत आहे.

अकरावा: आठ वर्षांचं मूल. कायमची दाढ, मुळांची टोकं अजून बंद झालेली नाहीत. कीड गाभ्यापर्यंत पोहोचली आहे. गाभा उघडल्यावर रक्त येतं, पण ओला कापूस दाबून धरल्यावर काही मिनिटांत थांबतं. काय कराल? उत्तर: वरचा खराब भाग तेवढा काढायचा, त्यावर औषधाचं सिमेंट बसवायचं आणि खालचा गाभा जिवंत ठेवायचा. तो जिवंत राहिला तरच मुळं पुढे वाढून पूर्ण होतात.

बारावा: अशा दाढेचा सगळा गाभा काढला तर काय होईल? उत्तर: मुळं वाढायची थांबतात, टोकं उघडीच राहतात, भिंती पातळ राहतात. दाढ लवकर तुटते किंवा टोकांतून आतली घाण हाडात जाते.

चौदावा: रक्त दहा मिनिटांनीही थांबलं नाही तर? उत्तर: मग गाभा वाचण्यासारखा नाही, पुढचा उपचार करायचा.

हे पुस्तकातलं आहे. प्रत्यक्ष खुर्चीवर मूल रडत असतं, लाळ येत असते, मागे रांग असते. सगळं इतकं सरळ नसतं.

हॉस्पिटलचं कळव.

तुझा


२४ मार्च

हॉस्पिटलातून लिहिते आहे. स्टूल हलतं, म्हणून अक्षर हललं आहे. तुझ्यासारखं कायमचं नाही.

चिंगीला परवा दाखल केलं. गाठ गळ्यापर्यंत उतरली होती, पोर थुंकी गिळताना रडायची. काल जबड्याखाली कापून पू काढला. तिथे रबराची एक नळी ठेवली आहे, तिच्यातून अजून येतो. दाढही उपटली. बाटलीत घालून दाखवली मला. मुळं बघितली मी. टोकाला बंद नव्हती. कापलेल्या नळीसारखी उघडी होती, तुझ्या बाराव्या प्रश्नात आहेत तशी.

आता नीट वाच. तुझा अकरावा प्रश्न मी चार वेळा वाचला, कारण तो प्रश्न मी आधी पाहिला आहे. खुर्चीशी बसून. तू कापूस दाबलास. मी घड्याळ बघत होते, परतीची बस चुकेल म्हणून. दहा मिनिटं काय, चारसुद्धा झाली नव्हती. तू कापूस उचललास तो फिकट गुलाबी होता. तू म्हणालास, "थांबलं." तुझा तो चष्मेवाला मित्र मागून म्हणाला, "मग आता काय करणार? तुझी एक कमी आहे ना?" मग ती बारीक सुई उचललीस आणि परत आत घातलीस. सगळं ओढून बाहेर काढलंस.

मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं, डॉक्टर आहेत, बोलत असतात आपापसांत. आज कळतं आहे. रक्त थांबलं होतं. तुला माहीत होतं. वीसपैकी अठरा.

काय कमी होतं तुझं?

अजून एक सांगायचं आहे. इथल्या डॉक्टरने तुझ्या कॉलेजातून केसपेपर मागवला आणि तो पलंगाशी उभा राहून मोठ्याने वाचला. "दाढ आणली तेव्हाच मृत. गार लावल्यावर प्रतिसाद नाही. पालकांचं दीर्घकाळ दुर्लक्ष." खाली तुझी सही, त्याखाली तुझ्या सरांची, त्यावर शिक्का. वॉर्डात सोळा खाटा आहेत. सोळांनी ऐकलं. जावईही ऐकत होता. तो खाली जाऊन त्या कागदाची झेरॉक्स काढून घेऊन आला आणि खिशात ठेवली.

प्रतिसाद नाही म्हणे. तू ते गार लावलंस तेव्हा पोरगी खुर्चीतून उडाली होती. मला पहिली लाथ तेव्हाच बसली.

उत्तर लिही. पुस्तकातलं नको.

आजी


२९ मार्च

आजी,

हे पत्र वाचून फाडून टाक.

आमच्या क्लिनिकमध्ये भिंतीवर एक तक्ता आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे चौकोन. इतके दात काढायचे, इतके भरायचे, इतक्या कवळ्या. याला कोटा म्हणतात. तो पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. दाढेच्या रूट कॅनलचे पाच चौकोन असतात. माझे चार भरले होते. पाचवी दाढ मिळत नव्हती. जानेवारीपासून मी रांगेतल्या लोकांच्या तोंडात वाकून बघत होतो. ज्यांना मिळते ते लपवून ठेवतात, फोन नंबर घेऊन ठेवतात, आपल्या तारखेला बोलावतात. मुदत फेब्रुवारीअखेर होती. मग आत्या फोनवर बोलता बोलता म्हणाली की चिंगीची मागची दाढ किडली आहे.

गाभा वाचवायच्या उपचाराला तक्त्यावर चौकोनच नाही, आजी. कोणी केलाच तर चांगलं केलं म्हणतात, पण तो कुठेच मोजत नाहीत. त्यावर वीस प्रश्न विचारतात, चौकोन मात्र देत नाहीत. सगळ्या वर्गाला उत्तरं येतात. वर्गात कोणी तो उपचार एकदाही केलेला नाही.

तू म्हणतेस ते खरं आहे. रक्त थांबलं होतं. गार लागल्यावर ती उडाली होती. "प्रतिसाद आहे" असं लिहिलं असतं तर सरांनी रूट कॅनल करू दिली नसती. म्हणून "नाही" लिहिलं. सरांनी तोंडात बघितलं नाही, माझ्यामागे सही घ्यायला सात जण उभे होते. आणि मेलेली दाढ लिहिली की ती मेली कशी तेही लिहावं लागतं. सगळे तिथे "पालकांचं दुर्लक्ष" लिहितात. ते लिहायचं एक ठरलेलं वाक्य आहे. मी आत्याचा विचार करून ते लिहिलं नाही. कोणाचाच विचार करून लिहिलं नाही.

रबराचा पडदा लावून दाढ कोरडी ठेवायची असते. तो मी लावला नाही, चिंगी रडत होती आणि वेळ संपत आली होती. लाळ आत गेली असणार. सुई टोकातून थोडी बाहेरही गेली. मला हाताला जाणवलं होतं.

माझी परीक्षा पाच एप्रिलला सुरू होते. हे आत्ता बाहेर आलं तर बसू देणार नाहीत. वर्ष जाईल, कदाचित कायमचंच जाईल. माझ्या शिक्षणाचे पैसे उभे करायला बाबांनी काय काय केलं ते तुला माहीत आहे. निकाल लागला की मी स्वतः येऊन आत्याच्या पाया पडेन, सगळं सांगेन. तोपर्यंत तुझ्याजवळ ठेव.

शेवटी ती एक दाढ होती, आजी. माणूस एका दाढेवाचून जगतो.

तुझा


१० एप्रिल

दाढेवाचून जगतो, बरोबर आहे. मीच जगते आहे चौदा दातांवाचून. पण माझे म्हातारपणाने गेले, भिंतीवरचा चौकोन भरायला नाही.

पत्र फाडलं नाही.

चिंगीला घरी आणली. तोंड एक बोट जाईल एवढंच उघडतं. आतले स्नायू आखडलेत, रोज लाकडी काड्यांची जुडी दातांत धरून उघडायला लावायचं, एकेक काडी वाढवत न्यायची असं सांगितलं आहे. चौथी काडी घातली की पोर आरडते, पण तोंड उघडत नाही म्हणून आवाज नाकातून येतो. तो ऐकवत नाही. तरी मी घालते. तुझ्या आत्याच्याने घालवत नाही. जबड्याखाली वण राहील, बोटभर.

आता माझ्याबद्दल ऐक, कारण नुसते तुझे वाभाडे काढून भागणार नाही. मागच्या वर्षी तुझी आत्या म्हणाली होती, चिंगीच्या मागच्या दाढेला काळा ठिपका आहे, डॉक्टरला दाखवूया. मी म्हटलं, दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप. तिच्या जागी आधीची कुठली पडली नव्हती, नवीनच उगवली होती, मग दुधाचीच असणार, असा माझा हिशेब. तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तिला गप्प केलं. सहाव्या वर्षी कायमची दाढ कोणतीही दुधाची दाढ न पाडता मागून येते, हे मला या हॉस्पिटलात कळलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. तेव्हा उशीर झाला तो माझ्यामुळे. तुझ्या पहिल्या पत्रात तू आत्याला बोललास तेव्हा मी हे लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. मूग गिळून बसले आणि तुला प्रश्न विचारत राहिले.

पण उशीर झाला तरी दाढ तुझ्या खुर्चीवर जिवंत आली होती. माझ्या चुकीवर इलाज होता. तो तुला येत होता.

तुझं पत्र मी आत्याला दाखवलं. हो, दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून लिहितोय तो. तू सांगून लिहून घेतलंस." मी म्हटलं, दुधाची दाढ म्हणून थांबवलं ते तर मी ना? तर म्हणते, "आई तू नव्हतीस तिची. मी होते." मग जावयाला दाखवलं. तो म्हणाला, "घरच्या घरी लिहिलेला कागद आहे. शिक्का कुठे आहे यावर?" शिक्क्याचा कागद त्याच्या खिशात आहे. एक मे रोजी तो चिंगीला घेऊन जाणार, त्याच्या घरी, तिकडच्या शाळेत नाव घातलं आहे. तुझी आत्या भांडली असती तर मी पदर खोचून तिच्यामागे उभी राहिले असते. ती भांडत नाही. काल तिने चिंगीची पेटी भरली. फ्रॉकना इस्त्री केली, एकेक बटण ओढून बघितलं आणि भरली. म्हणाली, "माझ्या हातात राहिली तर अजून काय काय होईल तिचं."

तेव्हा निकाल लागेपर्यंत थांब हे सांगू नकोस. सरांकडे जा. कागद बदलून आण. आठ दिवस देते.

आजी


१६ एप्रिल

आजी,

दोन पेपर झाले. चांगले गेले.

मी सरांच्या खोलीपर्यंत गेलो होतो. आत परिषदेची तयारी चालू होती. सर म्हणाले, "या, बसा, तुमच्या वर्गाने नाव काढलं." वर्गाची सरासरी पंचाऐंशी टक्के आली आहे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "विद्यार्थ्यांना जिवंत गाभ्याच्या उपचारांचं उत्तम ज्ञान." माझ्याकडे त्यांनी त्या अक्षरांचा रंग निवडायला मदत मागितली. मी निळा सांगितला आणि आलो.



निकाल वीस मे रोजी आहे. तू तुझ्या जावयांना सांगून तीन आठवडे पुढे ढकलता येतंय का बघ. त्यानंतर नक्की. सोबत आत्यासाठी चार ओळी आहेत, तिला दे.

तुझा


२४ एप्रिल

विभागप्रमुख साहेब,

तुमच्या शिक्क्याच्या कागदावर माझ्या मुलीबद्दल खोटं लिहिलं आहे आणि खाली तुमची सही आहे. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात जो तिसरा आला त्याची मी आजी. बावीस फेब्रुवारीला माझ्या नातीला, म्हणजे मुलीच्या मुलीला, वय आठ, त्याच्या खुर्चीवर मी आणली होती. तेव्हा तुम्ही आमच्या जवळून गेलात. माझ्या पिशवीला तुमचा पाय लागला, तुम्ही "सॉरी" म्हणालात. चांगली सवय आहे. पण पोरीच्या तोंडात बघितलं नाहीत.

कागदावर तीन गोष्टी आहेत. दाढ मेलेली होती, ती जिवंत होती. गार लावल्यावर कळलं नाही, ती उडाली. आईचं दुर्लक्ष, तर आईने दोनदा डॉक्टरला दाखवूया म्हटलं होतं आणि दुधाची दाढ म्हणून तिला मी अडवलं. दोष लिहायचाच असेल तर माझा लिहा. आजीने अडवलं असं लिहा, मी अंगठा नाही, सही करते.

माझ्या नातवाच्या हातची चार पत्रं सोबत जोडली आहेत. त्यातलं २९ मार्चचं आधी वाचा. त्याने ते फाडून टाकायला सांगितलं होतं. आत्यासाठी त्याने चार ओळी पाठवल्या होत्या त्या जोडल्या नाहीत, त्यांत "काळजी घे" सोडून काही नाही. पत्रं वाचल्यावर तुम्ही त्याला काय कराल ते मला ठाऊक आहे. तो माझ्या मुलाचा एकुलता एक पोरगा आहे. लहानपणी माझ्या दुकानात फळीवर बसून अभ्यास करायचा, पिसं उडून वहीत पडायची तर फुंकर मारून पुढची ओळ लिहायचा. हुशार होता. अजून आहे. त्याचा बाप मला या जन्मात घरात घेणार नाही आणि मी त्याला तसं करू नकोस म्हणणार नाही. नातवाला मी या पत्राचं सांगितलं नाही. त्याला आठ दिवस दिले होते, सहा दिवस वरती गेले.

तुम्ही पोरांना विचारता, माहीत आहे का. साहेब, माहीत आहे. त्याला सगळं माहीत होतं. काय करायला हवं ते त्याने तुम्हाला कागदावर बरोबर लिहून दिलं आणि त्याच महिन्यात त्याच हाताने उलटं केलं, कारण उलटं केल्यावर तुमच्या भिंतीवर एक चौकोन भरत होता. परिषदेत हे वाचा किंवा वाचू नका. त्याच्याशी मला देणंघेणं नाही. भिंत तुमची, पोरं तुमची.

मला एवढंच पाहिजे. एक मे रोजी सकाळी दहा वाजता पोरीचा बाप तिला घेऊन जाणार. पेटी दाराशी ठेवलेली आहे. माझी मुलगी माझं ऐकत नाही, भाच्याचं पत्र मानत नाही, आपण दोनदा दाखवूया म्हटलं होतं तेही आता मानत नाही. तुमच्या शिक्क्याने तिला सांगितलं की ती आई म्हणून नालायक आहे, आणि तिने ते मानलं. जी गोष्ट तिने शिक्क्यामुळे मानली ती शिक्क्यानेच सुटेल.

तेव्हा उत्तर मला पाठवू नका. माझ्या नातवाच्या हाती देऊ नका आणि हाताखालच्या कोणाकडून लिहून घेऊ नका. तो कागद खोटा होता असं तुम्ही स्वतः लिहायचं, माझ्या मुलीच्या नावाने, शिक्का मारून, एक तारखेच्या आत. पत्ता मागे लिहिला आहे.

चिंगीची आजी